कापडी छताचा पिंजरा

पिंजरा करणं हा गुन्हा नाही. हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की समोरच्यानं सुरुवात केली की पुढचं मला पाठ असतं. पिंजऱ्यात कोंबडी ठेवा, ससा ठेवा, उंदीर पकडा, कायदा विचारायला येत नाही. कायदा विचारतो तो आतल्या पाखराबद्दल. रानातलं पाखरू, किंवा थंडीत देश ओलांडून आलेलं पाहुणं पाखरू धरायचं नाही, कोंडायचं नाही, विकायचं नाही. घरात अंड्यातून निघालेलं आणि पायात कडी असलेलं पाखरू मात्र चालतं. म्हणजे सगळा खेळ एवढाच, की आतलं पाखरू घरचं की रानचं. आणि ते सांगणार कोण? विकणारा सांगतो ते मी कधीच खरं धरत नाही.

म्हणून पिंजरेवालीवर माझी नजर होती. पाखरांच्या बाजारामागे एक बोळ आहे, त्यात शेवटून दुसरी खोली तिची. शटर कायम अर्धं खाली, वाकून आत जावं लागायचं. भिंतीला तारेची वेटोळी, छताला टांगलेले पिंजरे, खाली पत्र्याचे तुकडे, आणि मध्ये ती एका बुटक्या स्टुलावर. पाठ भिंतीला, तोंड बोळाकडे. मी पहिल्यांदा गेले तेव्हाच मनात म्हटलं, अशी बसणारी बाई काहीतरी लपवते. पुढे कळलं की तिचा नवरा तसाच बसायचा, उजेड तिकडूनच येतो म्हणून. पण मी माझं मत एवढ्यावर बदलत नाही.

काम मात्र बघत राहावं असं. खिळे ठोकलेली एक फळी होती, तिच्या खिळ्यांमधून तार ओढली की वेटोळ्याचा बाक जाऊन ती सरळ व्हायची. मग कातर, मग पक्कड. तारेचं प्रत्येक टोक ती आत वळवायची आणि परत बाहेर काढून दाबायची. तिच्या पिंजऱ्यात आतून हात फिरवला तर कुठे टोचत नाही. बाजारात मशीनचे जोडलेले पिंजरे तिच्यापेक्षा स्वस्त मिळतात, तरी तिच्याकडे गिऱ्हाईक यायचं ते यासाठी.

गिऱ्हाईक आलं की ती मापाआधी एकच विचारायची, पक्षी कोणता. कुणी आढेवेढे घेतले तर उंदराचा पिंजरा पुढे करायची. एकानं चेष्टेत सांगितलं, बायकोसाठी हवा. ती मान वर न करता म्हणाली, मग मोठा लागेल, माप घेऊन ये, आणि कोण कुणाला कोंडणार ते आधी दोघं ठरवा. बोळ हसला. तो माणूस पुन्हा आला नाही.

एके काळी हे घर रानच्या पाखरांवरच चालायचं. हंगाम लागला की जाळेवाले यायचे आणि नवऱ्याला रात्रंदिवस काम असायचं. मग कायदा कडक झाला, छापे पडले, बोळातली निम्मी शटरं बंद झाली. बोळ म्हणतो, तिचा नवरा त्या धसक्यानं गेला. तिच्यासमोर कुणी असं बोललं की ती लगेच तोडायची. विड्या ओढून गेला तो, कायद्याचं नाव उगाच खराब करू नका. त्यानंतर ती उंदराचे पिंजरे, खुराडी, भांड्यांच्या जाळ्या असं काहीबाही करू लागली. घर चालवलं, एकुलत्या एका मुलीचं लग्न केलं.

मी सरकारी माणूस नव्हे, पण पाखरांपायी तक्रारी करकरून मी तिच्या शेजाऱ्याच्या दुकानाला सील लावायला लावलं होतं. ते ती विसरली नव्हती. मी दिसले की म्हणायची, या, कायदा आला. चपला बाहेर काढा, कायद्याच्या पायालाही चिखल असतो. मला ताई म्हणायची, तुम्ही म्हणायची, आणि त्या दोन्हीत एवढा खवचटपणा भरायची की शिवी परवडली असती. मी तिला मावशी म्हणायचे. मीही काही साखर पेरत नव्हते.

मुलगी दिली होती मोठ्या रस्त्यावरच्या दुकानदाराला. काचेचा दरवाजा, माशांच्या टाक्या, आत रंगीत पाखरं, आणि वर पाटी, ‘घरगुती पैदास’. जावई गुळगुळीत माणूस. हसायच्या आधी इकडे तिकडे बघून घ्यायचा. मला मॅडम म्हणायचा. मला फक्त तीच माणसं मॅडम म्हणतात ज्यांच्या पोटात काहीतरी दुखत असतं. पण त्याच्याकडे सगळं नीट होतं. पाखरांच्या पायात कड्या होत्या, परवाना भिंतीवर होता. दोनदा जाऊन मी हात हलवत परत आले.

त्या थंडीत गावाबाहेरच्या शेतांवर भारीट उतरले. भारीट म्हणजे चिमणीपेक्षा जरा थोराड, पोटाला पिवळा, थव्यानं येऊन दाणे टिपणारा पाहुणा पक्षी. पाठोपाठ बांधावर जाळी सापडू लागली, फाटलेली, रिकामी. शेतकरी सांगायचे, पहाटे कुणीतरी येतं, उजाडायच्या आत जातं. पण बाजारात एकही भारीट दिसेना. मी टोपल्या उघडून बघितल्या, दोघातिघांशी भांडले, काही नाही. एवढी पाखरं शहरात शिरतात आणि कुठेच दिसत नाहीत, म्हणजे ती कुठेतरी सभ्य जागी ठेवली जातात. मला वास यायला लागला.

बोळात गेले तर पिंजरेवाली नेहमीपेक्षा वेगळं काम करत होती. बसके, लांबट पिंजरे, वीतभर उंचीचे, बरेच. चारी बाजूंना तार आणि वर तारेऐवजी कापड. जाडसर कापड ताणून ती चौकटीला शिवत होती. मी विचारलं, कुणाचे? म्हणाली, सशांचे. मी वाकून आत बघितलं. प्रत्येकात बसायला दांडी होती.

“ससा दांडीवर बसतो का मावशी?”

तिनं दोरा दातानं तोडला. “तुमच्या कायद्यात बसत नसेल तर नका बसवू.”

हात मात्र थांबले होते. मी ते बघितलं, आणि मी बघितलं हे तिनं बघितलं. तिनं पिंजरे पायानं मागे सारले. माझी खात्रीच पटली की ही बाई यात सामील आहे. पण ते कापड कशाला, हे मला कळेना, आणि जे कळत नाही ते मला झोपू देत नाही.

ते सांगितलं एका म्हाताऱ्या जाळेवाल्यानं. पोलिसांच्या हाती लागल्यावर त्यानं धंदा सोडला होता, आता चौकात कुलपं दुरुस्त करतो. त्यानं आधी मला बरंच ताटकळवलं, मग कानस चालवता चालवता सांगितलं. नुकत्या धरलेल्या पाखराला छत म्हणजे काय ते माहीत नसतं. माणूस जवळ आला की ते सरळ वर झेपावतं. वर तार असेल तर कपाळाची कातडी सोलून निघते, दोन दिवसांत पाखरू मरतं. कापड असलं तर डोकं वाचतं. घरात जन्मलेल्याला छताची सवय असते, ते वर जात नाही, त्याला कापड लागत नाही. आणि कापड ओलं होतं, घाण धरतं, लवकर कुजतं, म्हणून गरज नसताना ते कुणी घालत नाही. “कापड दिसलं की समजायचं, माल नवा आहे,” एवढं बोलून तो पुन्हा कुलपात शिरला.

मी तडक वनखात्याच्या साहेबाकडे गेले. साहेब सावध माणूस. त्याचा जेवढा संशय चोरांवर तेवढाच माझ्यावर. पण आला. जावयाच्या दुकानामागच्या खोलीत तेच बसके पिंजरे होते, एकावर एक रचलेले, आणि आत पिवळ्या पोटाचे भारीट. प्रत्येकाच्या पायात कडी.

जावई घाबरला नाही, उलट खुर्ची दिली. म्हणाला, सगळे घरचे आहेत, कड्या बघा. कडीचा मुद्दा असा, की ती अखंड असते. पिल्लू लहान असताना चढते, पाय वाढला की ना घालता येत ना काढता येत. म्हणून कडी हाच पुरावा. साहेबानं वाकून बघितल्या, बोटानं फिरवल्या, त्याला काही दिसलं नाही. मी म्हटलं, कापून, चढवून, जोडता येतात. साहेब म्हणाला, दाखवा जोड. मग मी कापडाचं सांगितलं. त्यावर जावई मोठ्या प्रेमानं हसला. सासूबाईंनी केलेत, म्हणाला, त्यांची हौस आहे, सगळ्याच पिंजऱ्यांना लावतात.

माझं डोकं फिरलं. मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. साहेबानं मला बाहेर उभं केलं, पाखरं पिंजऱ्यांसकट ताब्यात घेतली आणि चौकशीची तारीख दिली. जाताना मला म्हणाला, कापड म्हणजे पुरावा नव्हे. ज्यानं घातलं त्यानं का घातलं ते सांगितलं तर तो पुरावा. नाहीतर सगळी पाखरं दुकानात परत जातील, आणि एकदा कायद्यानं परत गेली की पुन्हा त्यांना हात लावता येणार नाही.

म्हणजे सगळं त्या बाईच्या तोंडावर येऊन थांबलं. तिनं खरं सांगितलं तर जावई अडकतो, मुलीचं घर अडकतं. खोटं सांगितलं तर भारीट जातात, ते आणि पुढच्या वर्षी येणारेही.

मी बोळात गेले तेव्हा मुलगी आलेली होती. तारेच्या वेटोळ्यांमध्ये पोत्यावर बसली होती, डोळे सुजलेले. मला बघून तिनं तोंड फिरवलं. मी बसायच्या आधीच तिला फैलावर घेतलं. मागच्या खोलीत काय आहे ते तुला दिसत नव्हतं का, दाणापाणी कोण करत होतं? ती म्हणाली, मीच. आणखी काही बोलणार होती, पण आईनं पक्कड फळीवर आपटली.

“तिला काय विचारता? तिनंच येऊन मला सांगितलं, आई, पाखरांची डोकी फुटतायत. मी काय करायला हवं होतं? फुटू द्यायची?”

मग सगळं तिनंच सांगितलं. जावयानं कापड मागितलंच नव्हतं. त्यानं साधे बसके पिंजरे मागितले होते, आणि पक्षी कोणता या प्रश्नावर घरचेच आहेत असं सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर डोकी फुटतायत हे सांगायला आईकडे आली नसती. दुसरी कुणी पिंजरेवाली असती तर ऐकून गप्प बसली असती. या दोघींनी पाखरांना कापड दिलं आणि स्वतःच्या घराचं छत उघडं केलं. आणि त्या एका वाक्यावरून माय समजली की ही पाखरं रानातली आहेत. समजली, आणि तरी गप्प बसून शिवत राहिली. माझा संशय होता तो हाच.

मुलीबद्दलही माझ्या मनात एक प्रश्न आहे. पिंजऱ्यांच्या घरात वाढलेली पोर. असं सांगितलं की आई काय ओळखेल, हे तिला ठाऊक नव्हतं? मी तेव्हा विचारलं नाही. आईनं मला उठवलंच. चला ताई, म्हणाली, दुकान बंद करायचंय. उन्हं अजून भिंतीवर होती.

चौकशीच्या दिवशी साहेबाच्या खोलीत खिडकीजवळच्या बाकावर पिंजरे ठेवले होते, वर पांढरी चादर. चादरीखालून अधूनमधून टपटप आवाज यायचा, कापडावर डोकं आपटल्याचा. वरच्या पंख्याचा आवाज जास्त होता, म्हणून साहेबानं तो बंद करायला लावला. जावई वकील घेऊन आला होता. मुलगी त्याच्या शेजारी. मी दाराजवळच्या बाकावर, बोलायचं नाही या अटीवर. पिंजरेवाली धुतलेलं लुगडं नेसून आली होती. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही.

मला खात्री होती की ती खोटं बोलणार. तिच्या जागी कुठली आई बोलली नसती? मी रात्रभर मनात पुढचे अर्ज लिहीत होते.

साहेबानं विचारलं, पिंजरे तुमचे का? तिनं चादर उचलली, दारातून हात आत घातला, तारेवरून बोट फिरवलं. माझेच, म्हणाली. मग त्यानं कापडाचं विचारलं. वकील मध्येच बोलला, ती कारागिराची पद्धत आहे. साहेबानं त्याला थांबवलं आणि पुन्हा तिलाच विचारलं, तुम्ही सगळ्याच पिंजऱ्यांना कापड लावता का?

तिनं चादरीचं टोक सारखं केलं. जावयाला वाटलं, मदत करावी. “जुनं काम आहे साहेब. सासूबाई हौसेनं लावतात.”

तिनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत मी तिला रागावलेली खूपदा बघितली होती, पण तो चेहरा वेगळा होता.

“हौस? जावईबापू, कापडाचा पिंजरा वर्षात कुजतो. हौस म्हणून मी माझं काम कुजवत नाही.”

वकिलानं खुर्ची पुढे ओढली. साहेब शांतपणे म्हणाला, मग कशासाठी?

तिनं मुलीकडे बघितलं. मुलगी आईकडे बघत नव्हती, नवऱ्याकडेही नाही. ती चादरीकडे बघत होती. तेवढ्यात आतून पुन्हा टप असा आवाज आला, आणि तिचा खांदा दचकला.

“रानातून नुकतं आणलेलं पाखरू वर झेपावतं,” पिंजरेवाली म्हणाली. “तारेनं डोकं फुटतं त्याचं. म्हणून.”

पाखरं रानातली आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं, साहेबानं विचारलं. उत्तर मला माहीत होतं, आणि ते उत्तर त्याच खोलीत नवऱ्याच्या शेजारी बसलं होतं.

“कुणी नाही. मी गिऱ्हाइकाला विचारते, पक्षी कोणता. जो सरळ सांगत नाही, त्याला मी कापड घालून देते.”

साफ खोटं. त्या बोळात ज्याच्याकडे सरळ उत्तर नाही त्याला उंदराचा पिंजरा मिळतो, हे मला माहीत होतं. साहेबानं माझ्याकडे बघितलं, माझ्या तोंडावर काही दिसतंय का म्हणून. मी भिंतीवरच्या पालीकडे बघत राहिले. माझं काम पाखरांशी होतं आणि ते झालं होतं. मायलेकींचं त्यांनी बघावं.

त्या जबाबावर साहेबानं एक कडी कापून तपासायला पाठवली. झाळलेला जोड निघाला, वरून घासून रंग दिलेला. मग बाकीच्याही तशाच निघाल्या. भारीट ज्या शेतातून आले होते त्याच्याच कडेला सोडले. मी गेले होते. दारं उघडली तरी काही पाखरं आधी वरच झेपावली, कापडाला धडकली, मग त्यांना बाजू सापडली. जावयाचा पाखरांचा परवाना गेला, खटला अजून चालू आहे. दुकानात आता नुसते मासे आहेत. पाटी तीच ठेवलीय त्यानं, ‘घरगुती पैदास’. माझी नजर आहे.

बोळाला यात काहीतरी काळंबेरं दिसतंच. कुणी म्हणालं, पिंजऱ्यांवर तिचा हात ओळखू येतो, स्वतः सुटायला जावयाला अडकवलं. कुणी म्हणालं, कायदेवाल्या बाईनं तिला फिरवलं. मी फिरवलं असतं तर मला तरी कळलं असतं. पण माझंही तिच्याशी एक बोलणं बाकी होतं आणि मी ते तोंडावर काढलं. म्हटलं, कापड शिवलंस त्या दिवसापासून तुला ठाऊक होतं. त्या दिवसापासून तारखेपर्यंत किती पाखरं त्या दुकानातून गेली असतील, हिशेब कोण देणार?

ती तार ओढत होती. ओढता ओढता म्हणाली, “मला ठाऊक होतं म्हणून डोकी वाचली. तुला ठाऊक नव्हतं, तू काय वाचवलंस?”

पहिल्यांदा ती मला तू म्हणाली. मी चिडून उठले, तशीच शटरखालून बाहेर आले. आठवडाभर गेले नाही. मग गेले.

मुलगी त्या सगळ्या हंगामात बोळात आली नाही. आई विचारायची नाही, मी विचारलं तर हातातली पक्कड बोलायची. पुढे एका सकाळी मी तिथे पोत्यावर बसलेले असताना शटरखाली कुणीतरी वाकलं. मुलगी होती. हातात एक जुना पिंजरा, दाराची तार निसटलेली, आतमध्ये काही नाही. तिनं तो आईसमोर ठेवला आणि दुरुस्त करून हवाय एवढंच सांगितलं.

मला वाटलं, आता ही उठेल, पोटाशी धरेल. ती उठली नाही.

“पक्षी कोणता?” तिनं विचारलं, कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारावं तसं.

मुलीनं निसटलेली तार दाराशी दाबून धरली. म्हणाली, घरचाच. तिच्या मैत्रिणीकडे अंड्यातून निघालेला, हिरवा, बडबड्या.

पिंजरेवालीनं पिंजरा उचलला, उजेडाकडे वळवला, दारातून हात आत घातला आणि छताच्या तारांवरून आतल्या बाजूनं अंगठा फिरवला, एकेका तारेवरून, सावकाश. पीस नाही, डाग नाही. अंगठा बाहेर काढून नीट बघितला. मग तो लुगड्याला पुसून तिनं पक्कड उचलली आणि मुलीला पायानं बाजूचं दुसरं स्टूल सरकवलं.

मी उठले. शटरखाली वाकताना मीही त्या छताकडे एकदा बघून घेतलं.